हाड किती बोलतं? चिचुंद्रीएवढ्या प्राण्याचा पाठ

आपल्या बीड जिल्ह्यात विहीर खणली की मुरमाखाली काळा दगड लागतो. बालाघाटचे डोंगरही त्याच दगडाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला हा लाव्हा. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत मधे तळी साचायची, झाडं वाढायची, प्राणी वावरायचे. तेलंगणातल्या नस्कल गावाजवळ अशाच गाळात एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात सापडले. प्रसाद आणि साहनी या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये त्याची ओळख जगाला करून दिली. नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. नागपूरला जीवाश्म शोधणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांच्या आठवणीत.

मुलं लगेच विचारतात, "सर, तो कसा राहायचा हे कुणी पाहिलं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर आपण सांगू नये, मुलांकडून काढून घ्यावं.

दात : टोकदार उंचवटे असलेले. कीटकांचं कवच फोडायला असेच दात लागतात.

घोटा : खार कडुनिंबावरून डोकं खाली करून उतरते, तेव्हा तिचं मागचं पाऊल उलटं वळतं. डेक्कनोलेस्टिसच्या घोट्याच्या हाडांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही पाऊल वळवता येईल असा सांधा दिसला.

कोपर : मुलांना एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून तळवा वर-खाली करायला सांगा. आतलं हाड फिरताना जाणवतं. २०१० मध्ये अभ्यासलेली कोपराजवळची हाडंही झाडावर चढण्याकडेच बोट दाखवतात.

आता खरी मेख. झाडावर चढायचा, म्हणजे माकडांचा पूर्वज का? काही अभ्यासकांनी तसं जवळचं नातं सुचवलं होतं. २०११ च्या विश्लेषणात मात्र त्याची जागा वंशवृक्षात बरीच खाली, बुंध्याजवळ आली. सवय सारखी म्हणून नातं जवळचं, असं होत नाही. खारही झाडावर राहते, पण ती माकड नाही.

वर्गात फळ्यावर तीन रकाने करा : "काय सापडलं", "त्यावरून काय कळलं", "नुसता अंदाज". रंग, आवाज, पिल्लं किती, हे सगळं तिसऱ्या रकान्यात जाईल. पालकहो, घरी मूल एखादी गोष्ट ठासून सांगू लागलं, तर प्रेमाने एवढंच विचारा, "बाळा, ही कोणत्या रकान्यातली?"