जुन्या फायरप्लेसमध्ये नवी शेगडी बसेल का?

न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाचा प्रश्न आहे. घर 1980च्या दशकातले, फायरप्लेस कारखान्यात तयार झालेली, पत्र्याची. लाकूड भराभर जळते, खोली मात्र गारच. आत बंद दाराची लोखंडी शेगडी, म्हणजे ‘इन्सर्ट’, बसवता येईल का?

येईल, पण सरसकट नाही.

विटांच्या धुराड्यात आणि या पत्र्याच्या धुराड्यात मोठा फरक आहे. पत्र्याच्या पेटीभोवती हवा खेळती असते आणि तीच भिंतीतली लाकडी चौकट थंड ठेवते. ही वाट बुजली, की लाकूड आतल्या आत तापत राहते आणि एखाद्या रात्री पेट घेते. म्हणून दुकान गाठण्याआधी टॉर्च घेऊन पेटीत वाकून पाहावे. जाळीच्या पडद्याजवळ बहुधा काजळीने माखलेली धातूची छोटी पाटी असते. फडक्याने पुसून मॉडेल क्रमांक टिपावा. फायरप्लेस आणि इन्सर्ट, दोन्हींच्या पुस्तिका परवानगी देत असतील तरच पुढे जावे. परवानगी नसेल, तर पेटी आणि धुराडे दोन्ही बदलावे. खर्च मोठा, पण दुसरा मार्ग नाही.

इन्सर्टपासून धुराड्याच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलची अखंड नळी हवी. एरवी रुंद धुराड्यात धूर थंडावतो, डांबरासारखे क्रिओसोट साचते आणि ते पेटले की तापमान 1000 अंश सेल्सियसपुढे जाऊ शकते.

अमेरिकेतल्या एनएफपीए 211 या मानकानुसार दरवर्षी धुराड्याची तपासणी करावी. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांखाली असावा. आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय पहिली काडी ओढू नये.