दोन वलयांचे कलम

मोसंबी संशोधन केंद्रामुळे बदनापूरचे नाव फळबागायतदारांना सुपरिचित आहे. मोसंबीचे कलम करताना खुंटावर डोळा भरून तो पट्टीने बांधतात. जोड जमला की पट्टी सोडली जाते. ती झाडाचा भाग होत नाही. रसायनशास्त्रात उत्प्रेरक धातूचे कार्य काहीसे असेच असते.

कार्बनच्या सहा अणूंचे एक बेंझीन वलय दुसऱ्या तशाच वलयाशी थेट जोडले, की ‘बायॲरिल’ संयुग तयार होते. रक्तदाबावरील लोसार्टान व टेल्मिसार्टान या औषधांच्या रेणूंत अशी जोडी आहे. ही औषधे रुग्णास वर्षानुवर्षे, दररोज घ्यावी लागतात. ती स्वस्त व शुद्ध मिळणे हा ग्रामीण आरोग्याचाही प्रश्न होय.

जुनी रीत

फ्रिट्झ उलमान यांनी १९०१ साली तांब्याच्या साहाय्याने अशी जोडणी साधली. तथापि तीस बहुधा २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागे, तांबे भरपूर खर्ची पडे आणि दोन भिन्न वलये हवी तशी जोडणे कठीण जाई.

पॅलेडियमची किमया

जपानमधील अकिरा सुझुकी व नोरिओ मियाउरा यांनी १९७९ साली नवी पद्धत मांडली; १९८१ साली ती बायॲरिल संयुगांसाठी सिद्ध झाली. एका वलयावर ब्रोमीन, दुसऱ्यावर बोरॉन असतो. पॅलेडियमचा अणू प्रथम वलय व ब्रोमीन यांच्यामध्ये शिरतो, नंतर अल्कलीच्या मदतीने बोरॉनकडील वलय स्वतःकडे घेतो, दोन्ही वलये सांधतो आणि मोकळा होऊन पुढील जोडीकडे वळतो. म्हणून अत्यल्प धातू पुरतो. लोसार्टानच्या निर्मितीत ही पद्धत उपयोगी पडली. सुझुकी यांनी तिचे पेटंट घेतले नाही. रिचर्ड हेक व एइइची नेगिशी यांच्यासमवेत त्यांना २०१० साली नोबेल पारितोषिक लाभले.

दोन दक्षता

पॅलेडियम महाग असून औषधात त्याचा अंश उरता कामा नये. पोटात घ्यावयाच्या औषधांतून तो दिवसाकाठी १०० मायक्रोग्रॅमहून अधिक जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दुसरी दक्षता सांडपाण्याची. सेंद्रिय द्रावकांऐवजी पाणी वापरता आल्यास घातक सांडपाणी घटते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनंत कापडी यांच्या गटाने पाण्यात घडणाऱ्या अशा अभिक्रियांवर संशोधन केले आहे. याच संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ साली जालना येथे सुरू झाले.

कलमाच्या दाखल्याने शिक्षकांना हा विषय वर्गात सहज उलगडता येईल. दाखल्याची मर्यादाही सांगावी : पट्टी एकच जोड राखते, धातूचा अणू मात्र अनेक जोड सांधतो.