पाणथळ मातीतील वायू आणि गावचे पाणी

भाताच्या खाचरात पाय रुतला की पाण्यावर बुडबुडे येतात, हे कोकणातील प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. या बुडबुड्यांत मिथेन वायू मोठ्या प्रमाणात असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन, तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता कोंडून धरतो.

माती पाण्याखाली गेली म्हणजे तिच्यातील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव धसकटे, मुळे व शेणखत कुजवितात आणि मिथेन तयार होतो. त्याचा बराचसा भाग भाताच्या रोपातील पोकळ्यांतून वर येतो. पाणी जमिनीखाली उतरले, की वरच्या थरात हवा शिरते व तेथील निराळे सूक्ष्मजीव हाच मिथेन फस्त करतात. म्हणून एकाच गावातील उंचवट्याच्या व सखल खाचरांतील उत्सर्जन सारखे नसते.

खाडीकाठी पाण्याचा खारटपणाही महत्त्वाचा ठरतो. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटावर जगणारे सूक्ष्मजीव मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवितात. (कांदळवनातील कुजक्या अंड्यासारखा वास त्यांचाच.) त्यामुळे खारट चिखलातून मिथेन अल्प निघतो. भरती अडवून आत गोडे पाणी तुंबविले तर तो वाढतो. तीच जमीन पार सुकविली तर गाळात साठलेला कार्बन हवेत जातो. याचा अर्थ खारबंदिस्ती मोडावी असा नव्हे. भातशेती तिच्यावरच उभी आहे. परंतु बांधाच्या उघाडीतून पाण्याचा निचरा वेळेवर होतो की नाही, ही केवळ पिकाचीच बाब राहिलेली नाही.

आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसृत केलेली एक पद्धत सोपी आहे. खाचरात भोके पाडलेली नळी पुरावी. तिच्यातील पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेले म्हणजे पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्यात मात्र पाणी उभे ठेवावे. अशाने मिथेन सुमारे निम्म्याने घटतो व उत्पन्नास सहसा धक्का लागत नाही. आलटून-पालटून सुकणाऱ्या मातीतून नायट्रस ऑक्साइड निघण्याचा धोका असतो, म्हणून युरिया बेताने द्यावा. आषाढात ही पद्धत कोकणात चालणार नाही. पाऊसच खाचर सुकू देत नाही. कालव्याखालील उन्हाळी भाताला ती लागू पडते, मात्र पाण्याच्या पाळ्या त्या बेताने ठरल्या तरच. पाणीवाटपाच्या बैठकीत पंचायत सदस्यांनी हा विषय मांडावा. नळीतील पातळीची नोंद शाळेतील मुलेही दर आठवड्यास ठेवू शकतील. त्यासाठी एक पट्टी व एक वही पुरे.