पाण्यात आडवे होणे

सदाशिव पेठेत राहणाऱ्या मुलाने स्कूबा डायव्हिंगवर लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, आणि आमच्या खोलीवर सकाळी आठनंतर नळालाही पाणी नसते. पण मी मूळचा मालवणचा. वडील रापणीवर जातात. घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सुट्टीत गावी गेलो की पर्यटकांना समुद्रतळ दाखवायला नेणाऱ्या बोटीवर मी सिलिंडर उचलायचे काम करतो आणि वर्षाच्या फीपैकी बरीचशी त्यातून निघते. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे समजून वाचकांनी पुढे वाचावे.

आपल्यापैकी अनेकजण सहलीला मालवण-तारकर्लीला जातात आणि ‘स्कूबा’ करून येतात. त्यात पाहुण्याला काही करावे लागत नाही. तोंडात रेग्युलेटर धरायचा, श्वास घ्यायचा. बाकी पाठीवरचे सिलिंडर धरून वाटाड्या त्याला फिरवतो. हे रोज पाहून, आणि पुढे रीतसर शिकून हाती प्रमाणपत्र आल्यावर, मलाही सगळे येते असा माझा समज झाला होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो उतरला.

सहा-सात मीटर खोलीवर एका खडकाशी मी थांबलो होतो. पाहुणे कुठवर आले ते बघायला मान वर केली, तसे पाय खाली गेले. ते सावरायला पाय मारला आणि फिनखाली काहीतरी कडकन मोडल्याचे जाणवले. पानासारखे पसरणारे एक प्रवाळ खडकाला धरून होते. त्याची पंजाएवढी कड तुटून पडली. वर गाळाचा ढग उठला आणि पाहुण्यांना पुढची पाच मिनिटे काहीच दिसले नाही. असे प्रवाळ वर्षाला फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढते. म्हणजे मी पाचवीत होतो तेव्हापासूनची त्याची वाढ मी एका लाथेने मोडली. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला कायद्याने संरक्षण आहे, हे मीच बोटीवर पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवत असे! बोटीवरचा जाणता माणूस रागावला नाही. एवढेच म्हणाला, “तू पाण्यात उभा राहतोस.”

पाण्यात उभे राहणे हा दोष कसा, हे मला त्या दिवशी कळले नाही. मी कला शाखेचा. आर्किमिडीजला दहावीनंतर सोडून दिले होते. उत्तर मिळाले ते वडिलांच्या जाळ्यात. रापणीच्या जाळ्याला वरच्या दोरीवर तरंगणारे बूच असतात आणि खालच्या दोरीला शिसे. बूच वर ओढते, शिसे खाली ओढते, म्हणून जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. माणसाचेही तसेच होते. त्याचे बूच म्हणजे छातीतली हवा आणि जॅकेटमधली हवा. त्याचे शिसे म्हणजे कमरेच्या पट्ट्यातली वजने आणि जड पाय. बूच छातीपाशी आणि शिसे कमरेखाली असले की माणूस उभा राहणारच. जाळे उभे राहावे म्हणून तसे बांधतात. माणसाला आडवे व्हायचे असेल तर त्याचे शिसे बुचाच्या जवळ आणले पाहिजे. म्हणून कमरेचे एखादे वजन काढून सिलिंडरच्या पट्ट्यावर, पाठीच्या वरच्या भागी लावतात. हात पुढे ठेवायचे, गुडघे वाकवून फिन वर घ्यायचे, आणि बघायचे असेल तर मान उचलायची, धड नव्हे. प्रत्येक अवयव थोडाथोडा पुढे-मागे सरकवून तराजूची दांडी समतोल करावी तसा हा प्रकार आहे.

पण खरी गोम पुढे आहे. तिरका उभा असलेला माणूस पाय मारतो तेव्हा तो पुढे जातो तसाच वरही ढकलला जातो. वर जाऊ नये म्हणून तो जॅकेटमधली हवा सोडतो, किंवा पुढच्या वेळी आणखी एक किलो शिसे मागून घेतो. आता तो जड झाला. न बुडण्यासाठी त्याला सतत पाय मारावेच लागतात, आणि पाय मारायचे तर उभे राहावे लागते. असा तो स्वतःच्याच वजनाशी झगडत राहतो, दमतो, आणि हवा लवकर संपवतो. मी तपासले तेव्हा माझ्या पट्ट्यावर गरजेपेक्षा तीन किलो जास्त होते. भीतीपोटी घेतलेले होते, दुसरे काय!

किती शिसे हवे हे तपासायची रीत सोपी आहे. सिलिंडर जवळजवळ रिकामे असताना, जॅकेट रिते करून, पाण्यात सरळ आणि स्थिर राहायचे आणि नेहमीइतका श्वास क्षणभर आत ठेवायचा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आले आणि श्वास सोडल्यावर सावकाश खाली गेलो, तर वजन बरोबर. सिलिंडर रिकामे का? कारण हवेलाही वजन असते. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा अडीच किलोंहून थोडी जास्त भरते. ५० बारवर येईपर्यंत त्यातली सुमारे दोन किलो आपण श्वासावाटे समुद्राला देऊन टाकलेली असते. हा हिशेब चुकला तर शेवटच्या दहा मिनिटांत माणूस बुचासारखा वर येऊ लागतो.

यानंतर उरतो तो श्वास. अर्धा लिटर हवा जास्त घेतली की शरीर जवळजवळ अर्धा किलो हलके होते. कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण सिद्ध केले तेव्हा आजच्यासारखी जॅकेटे नव्हती. ते लोक शिसे आणि फुप्फुसे यांवरच भागवीत. मात्र श्वासाचा परिणाम लगेच दिसत नाही, एक-दोन सेकंद उशिरा दिसतो. नवशिक्या वाट पाहत नाही. तो श्वास घेतो, काही होत नाही म्हणून हात हलवतो, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम होऊन वर उसळतो. अशा वेळी श्वास कोंडून धरण्याचा मोह होतो, तो मात्र प्राणघातक आहे. दहा मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट होऊ पाहते. तिला वाट ठेवलीच पाहिजे.

दहा मीटरला दाब दुप्पट, वीसला तिप्पट. म्हणजे हवेचे आकुंचन-प्रसरण सर्वांत जास्त होते ते वरच्या थरात. मालवणला आम्ही जिथे पाहुण्यांना नेतो ते पाणी उथळ म्हणून सोपे, असे मी सांगत असे. बुडण्याच्या दृष्टीने ते सोपे असेलही; तोल धरण्याच्या दृष्टीने तेच सर्वांत अवघड आहे. आणि प्रवाळही तिथेच, पायाखाली.

पुण्यात परत आल्यावर एका पोहण्याच्या तलावावर रविवारी डायव्हिंग शिकवतात असे कळले. मी सिलिंडर वाहून देईन, मला कोपऱ्यात सराव करू द्या, असे तिथल्या शिक्षकांना म्हटले. ते हो म्हणाले. गोडे पाणी समुद्रापेक्षा अडीच टक्के हलके, त्यामुळे तिथे मला समुद्रापेक्षा दोन किलो शिसे कमी लागले. तळाशी पालथे पडायचे, फिनची टोके तेवढी टेकलेली ठेवायची, आणि केवळ श्वासावर छाती उचलायची व खाली आणायची. पहिले दोन रविवार माझे हात ऐकत नव्हते. शेवटी मी ते एकमेकांत गुंतवून ठेवले. खोलीवर मी कॉटवर पालथा पडून गुडघे वर घेऊन मान उचलण्याचा सराव करी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे आमचे खोलीबंधू पुस्तकातून डोके काढून विचारीत, “हा कुठल्या पेपरला आहे?”

फोनवर वडिलांना हातांची गंमत सांगितली तर ते म्हणाले, “तू थंय बघूक जातंस काय नाचूक?” वडील पन्नाशीचे झाले, पण त्यांनी समुद्राचा तळ अजून पाहिलेला नाही. जाळ्यात वर आलेले तेवढेच त्यांचे तळाचे ज्ञान.

मे महिन्यात मी पुन्हा त्याच खडकापाशी गेलो. पट्ट्यावर तीन किलो कमी होते, आणि एक वजन पाठीवर. प्रवाळाच्या हातभर वर आडवा झालो आणि हात बांधून घेतले. श्वास घेतला की चार बोटे वर, सोडला की चार बोटे खाली. मोडलेली कड आता पांढरी राहिली नव्हती. तिच्यावर हिरवट शेवाळ धरले होते. उरलेले पान जिवंत होते. एक लहान मासा त्याच्याखालून बाहेर आला, माझ्याकडे बघून परत आत गेला. खाली गाळाचा कणही हलला नव्हता. सिलिंडरमध्ये ७० बार उरले तेव्हा वर चलण्याची खूण झाली.