डब्यातलं काय लावावं, काय लावू नये



मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, "मॅडम, मोबाईलवर दाखवतात तसं लिंबू आणि खाण्याचा सोडा तोंडाला लावला तर चालतं का?" सगळ्या हसल्या, मी मात्र हसले नाही. कॉलेजात असताना मावसबहिणीच्या लग्नाआधी मी हेच केलं होतं. लिंबू लावून दुपारी उन्हात फिरले. संध्याकाळी गाल भाजल्यासारखे झाले आणि नंतर काळे डाग पडले, ते जायला कित्येक महिने लागले. म्हणून हा धडा.

असं का होतं?
आपली त्वचा मुळात थोडी आंबट, म्हणजे सौम्य आम्लधर्मी असते. हाच तिचा पहारेकरी. लिंबू त्याहून कितीतरी जास्त आंबट, तर सोडा अगदी उलट टोकाचा. दोन्हींनी पहारा मोडतो. त्यात लिंबाच्या रसावर ऊन पडलं की त्वचा भाजते. "घरचं आहे, म्हणजे अपाय नाही" असं धरून चालू नका. मिरचीसुद्धा घरचीच असते!

हे लावू नका: लिंबू, सोडा, टूथपेस्ट, जाडी साखर किंवा मीठ घासणं. बाजारातली उघडी, भडक पिवळी हळदही नको, तिच्यात रंगाची भेसळ असू शकते.

हे चालतं:
१. दिवाळीचं उटणं. मसूर डाळीचं पीठ २ वाट्या, हरभरा डाळीचं पीठ १ वाटी, वाळा आणि नागरमोथ्याची पूड मिळून अर्धी वाटी, आंबेहळद १ चमचा. डाळी निवडून उन्हात कडकडीत वाळवा, बारीक दळा आणि वस्त्रगाळ करा. भरड राहिलं तर चेहऱ्याला ओरखडे पडतात. कोरड्या बरणीत ठेवा, ओला चमचा घालू नका. दूध किंवा पाणी लागेल तेवढंच, लावायच्या वेळी मिसळा. भिजवलेलं उरलं तर टाकून द्या.

२. हातांसाठी खोबरेल. आपल्यातल्या बऱ्याच जणी आयटी पार्कात साफसफाईला आणि कॅन्टीनला जातात. फिनेल आणि भांड्यांच्या साबणाने हात फुटतात. कामाला हातमोजे मागून घ्या, तो आपला हक्क आहे. घरी आल्यावर हात धुऊन, ओलसर असतानाच खोबरेल चोळा, म्हणजे ओलावा आत टिकतो.

३. टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल, म्हणजे कोकणातलं मुठेल. रात्री पाय धुऊन पुसा, तेल पातळ करून कोमट झालं की भेगांत भरा आणि मोजे घाला. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा साखरेचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

काहीही नवीन लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ किंवा लाली आली तर ते आपल्यासाठी नाही.

गोरं करणारं क्रीम
काही वर्षांपूर्वी अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघींनी गोरं होण्याचं क्रीम वापरलं आणि तिघींच्या किडन्यांवर परिणाम झाला. तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि मुदत नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. उटण्यानेही कुणी गोरं होत नाही. मळ निघतो, त्वचा मऊ होते, एवढंच. मुलींना "रंग उजळेल" म्हणून काही लावायला सांगू नका. उन्हात शेती केलेल्या आईच्या रंगात कमी काय आहे?

विकायचं ठरवलं तर?
हिंजवडी, माण, मारुंजीच्या सोसायट्यांत दिवाळीला घरगुती उटण्याला मागणी असते. गटाला हा धंदा सुचणं साहजिक आहे. पण नीट ऐका: लोणचं-पापडासाठी काढलेली एफएसएसएआयची नोंदणी उटण्याला चालत नाही. ती खाण्याच्या वस्तूंची. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात आणि अन्न व औषध प्रशासनाचा वेगळा परवाना लागतो. "आयुर्वेदिक औषध" म्हणून विकायचं तर त्याचे नियम आणखी वेगळे. स्टिकर छापायला पैसे घालण्याआधी हे विचारून घ्या, नाहीतर कर्जाचा हप्ता अंगावर आणि माल घरात, असं व्हायचं. घरी वापरायला आणि दिवाळीत लेकीला द्यायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या बैठकीसाठी
प्रत्येकीने घरात तोंडाला लावायची जी डबी असेल ती घेऊन या. लेबल आपण मिळून वाचू. वाचता येत नसेल तर लाजू नका, शेजारी बसलेली वाचून दाखवेल. गट त्यासाठीच असतो.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक