पोरके पिल्लू

मांजरी आपली पिले सात घरी फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा कोणी मोजून काढलेला नाही. परंतु त्यामागचे निरीक्षण खरे आहे. जागेत धोका वाटला, की ती एकेक पिल्लू तोंडात धरून नव्या ठिकाणी नेते. अशा वेळी मागे राहिलेले एखादे पिल्लू मुलांच्या दृष्टीस पडते आणि 'हे पोरके आहे' असे ठरवून ती त्याला घरी आणतात. दया चांगली, पण अशा उतावळ्या दयेने आई असलेले पिल्लूच पोरके होते. म्हणून, मुलांनो, पिल्लू उबदार असेल व शांत निजले असेल, तर काही तास त्याच्यावर दुरून नजर ठेवावी. आपण जवळ उभे राहिलो, तर आई येणार नाही. मात्र ते पावसात भिजत असेल, थंडगार पडले असेल किंवा आई मेल्याचे नक्की कळले असेल, तर थांबू नये.

माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला आपण होऊन बिलगते. मांजरीच्या पिलाला आईनेच उचलावे लागते. भक्ताने देवाला धरावयाचे, की देवाने भक्ताला, हा वाद दक्षिणेतील वैष्णव आचार्यांनी याच दोन पिलांचे दाखले देऊन मांडला. मांजरीचे नवजात पिल्लू खरोखरच इतके परावलंबी असते. त्याचे वजन सुमारे १०० ग्रॅम. डोळे मिटलेले, कान बंद. त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही. अंगातली ऊब टिकते ती आई आणि भावंडे यांच्यामुळे.

गारठलेले पिल्लू पाहिले, की आपण आधी दुधाची वाटी आणतो आणि तेथेच घात होतो. थंड पडलेल्या शरीराला दूध पचत नाही. नीट गिळता न आल्यास ते श्वासनलिकेतही जाते. आधी ऊब, मग दूध. एका खोक्यात मऊ जुने कापड अंथरावे व गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूस ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असू द्यावी, म्हणजे उष्णता जास्त झाल्यास पिल्लू सरपटत दूर जाईल. चुलीजवळ मात्र त्याला ठेवू नये.

आता दुधाविषयी. मांजरीच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश कमी असतात. त्यातील साखरेने पिलाला हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला तेवढी पुरते. पिलांसाठी दुधाची निराळी भुकटी मिळते. ती कशी व किती द्यावी, हे पशुवैद्याला विचारावे. बोळ्याने दूध पाजले, तर पोटात किती गेले ते कळत नाही. त्यापेक्षा लहान बाटली किंवा सुई काढलेली पिचकारी बरी. बाळासारखे उताणे मात्र कधीही धरू नये. आईजवळ ते पालथेच पिते. आपणही तसेच पाजावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हे काम करावे लागते. तेव्हा घरातील मोठ्यांना आधीच सांगितलेले बरे!

आणखी एक काम आई करते, ते आपल्या ध्यानातही येत नाही. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिलाला आपोआप शू-शी होत नाही. आई त्याला चाटते, तेव्हा ती होते. आपण दर वेळी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हळुवार फिरवावा. मग साबणाने हात धुवावेत. ओरखडा किंवा दात लागला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पिल्लू रोज त्याच वेळी काट्यावर ठेवून वजन वहीत लिहावे. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ झाली, तर ठीक चालले आहे. वजन घटले, तर पशुवैद्याकडे नेण्यास उशीर करू नये. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडतात, ते निळसर असतात. चौथ्या आठवड्यात ते बशीत पाय घालून, मिशा बरबटवून, स्वतः खाऊ लागते. भावंड असेल, तर दोघांना एकत्रच ठेवावे. किती जोराने चावावे, हे ती एकमेकांशी झोंबतानाच शिकतात. माती उकरून घाण झाकायला मात्र कोणी शिकवावे लागत नाही. मातीचे पसरट भांडे समोर ठेवले, की आईला कधीही न पाहिलेले पिल्लूसुद्धा पुढच्या पंजांनी माती उकरू लागते.