दर्शनानंतरचे चंद्रपूर : सहकुटुंब पाहण्याजोगी स्थळे

चैत्रातील यात्रेस श्री महाकालीमातेच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड परिसरातून, असंख्य भाविक सहकुटुंब चंद्रपुरी येतात. दर्शन, नैवेद्य व प्रसाद झाला की बहुतेक कुटुंबे त्याच दिवशी परतीची वाट धरतात. परंतु ज्या नगरीत माता विराजमान आहे, ती नगरीही दर्शनीय आहे. मुलाबाळांसह आलेल्यांनी एक दिवस अधिक काढल्यास यात्रेचे पुण्य व इतिहासाचे ज्ञान, दोन्हींचा लाभ होतो.

श्री अंचलेश्वर व झरपट नदी

गोंड राजांची राजधानी पूर्वी बल्लारपूर येथे होती. आख्यायिका अशी की, राजा खांडक्या बल्लाळशाह यांचे अंग व्याधीने फोडांनी भरले होते. शिकारीस गेले असता तहान लागून ते झरपटेच्या कोरड्या पात्रातील एका डबक्यातील पाणी प्यायले आणि त्यांना शांत झोप लागली. राणीच्या आग्रहावरून त्याच पाण्याने स्नान केल्यावर व्याधी दूर झाली. तेथेच श्री अंचलेश्वराचे मंदिर उभे राहिले.

मंदिरालगत राजा बीरशाह यांची समाधी आहे. पतीच्या स्मरणार्थ ती राणी हिराई यांनी बांधविली. अठराव्या शतकाच्या आरंभी दत्तकपुत्र लहान असताना याच राणीने राज्यकारभार सांभाळला. श्री महाकाली मंदिराची उभारणीही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. मुलींना ही समाधी दाखवून राणीची कथा अवश्य सांगावी.

सशाची कथा व परकोट

पुढील कथा बालकांना विशेष आवडते. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या एका सशाने राजाच्या शिकारी कुत्र्याचाच पाठलाग केला आणि दोघे मोठ्या वर्तुळात धावले. हे स्थान शूरांचे आहे असे जाणून राणीने तेथे नगर वसविण्याचा सल्ला दिला. त्या धावेच्या मार्गावरच तटाची आखणी झाली, असे सांगितले जाते.

हा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे असून हनुमान, विठोबा, बगड, मसण व चोर या पाच खिडक्या, म्हणजे लहान दारे आहेत. दरवाजांवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. ते कोणास प्रथम दिसते, अशी पैज मुलांत लावावी. पाहण्याचा पाहण्यापरी अभ्यास होतो व चालण्याचा शीणही जाणवत नाही. चैत्रात येथील ऊन कडक असते. म्हणून सकाळी दहापूर्वीच निघावे व पाणी सोबत ठेवावे.

श्रीक्षेत्र मार्कंडा

दुसरा दिवस मिळत असल्यास मूल, चामोर्शी मार्गे गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडादेव येथे जावे. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. नदीकाठच्या शिल्पसमृद्ध मंदिरसमूहास विदर्भाचे खजुराहो म्हणतात. अल्पायुषी मार्कंडेयाने शिवलिंगास मिठी मारून यमास परतविले, ही कथा त्याच मंदिराच्या छायेत ऐकताना मुलांच्या मनावर ठसते. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते.

भाविकांचे कर्तव्य

या वास्तू शतकानुशतके उभ्या आहेत, तरी त्या अक्षय नाहीत. तटाच्या सांध्यांत पिंपळ रुजला की मुळे दगड विलग करतात. कोरीव मूर्तींवर तेल व शेंदूर साचला की नाजूक काम बुजते. भिंतीवर कोरलेले नाव पुन्हा पुसता येत नाही. ज्या तटाकडे कोणी पाहत नाही, तो तट कचऱ्याची जागा होतो. २०१७ साली इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्रमदानाने परकोटावरील झुडपे व कचरा काढण्यास आरंभ केला, तेव्हा झाकलेले बुरूज पुन्हा दिसू लागले.

ज्या झरपटेच्या पाण्याने राजाची व्याधी हरली असे आपण श्रद्धेने सांगतो, त्याच झरपटेत निर्माल्य व प्लास्टिक टाकणे त्या श्रद्धेस शोभत नाही. निर्माल्य कलशातच टाकावे. दानशूर भाविकांनी नव्या बांधकामाप्रमाणेच जुन्याच्या जतनासही हातभार लावावा. मुलांना आज जे प्रेमाने दाखवाल, तेच ते उद्या जपतील.